मेलेल्या पाखराचा धनी

फाल्गुन सरत आला की आमच्या परसातील शेवग्याच्या शेंड्यावर एक दयाळ येऊन बसतो, आणि पहाटे घरात कोणी दिवा लावण्यापूर्वीच त्याचे गायन सुरू होते. बुलबुलाएवढा, काळा-पांढरा, शेपटी सदा उभारलेली, असा हा ऐटदार पक्षी आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी आपल्या अंगणात पाहिला असेल. नाव ठाऊक नसल्यामुळे ‘कसलेसे पाखरू’ म्हणून सोडूनही दिला असेल. मादी करड्या रंगाची असते. इतर महिन्यांत हा पक्षी जवळजवळ मुका असतो. परंतु चैत्रापासून आषाढापर्यंत त्याच्या कंठात जी गोडी येते, तिला तोड नाही. बांगलादेशाने त्याला राष्ट्रीय पक्ष्याचा मान दिला आहे, तो काही उगीच नव्हे. आमच्या वहिनी तर घड्याळ न पाहता दयाळाच्या पहिल्या शिळेवर उठतात.

या चैत्रात एके सकाळी ते गाणे मध्येच तुटले. शेजारच्या पडक्या वाड्याच्या जागी गेल्या वर्षी चार मजली इमारत उभी राहिली, आणि तिच्या जिन्याला आमच्या बाजूने तळापासून माथ्यापर्यंत काच बसविलेली आहे. त्या काचेत आमचाच शेवगा आणि आमच्याच डोक्यावरचे आभाळ इतके हुबेहूब उमटते की माणसानेही क्षणभर फसावे. दयाळाला तेथे मोकळे आभाळ दिसले की दुसरा दयाळ दिसला, हे सांगावयास तो उरला नाही. आमचा दहा वर्षांचा नातू त्याला ओंजळीत घेऊन आत आला. मान एका बाजूस कललेली, डोळा अर्धवट मिटलेला, अंगावर रक्ताचा थेंबही नाही. देह अजून ऊन होता.

“आजोबा, याला आपण ठेवून घेऊ या,” नातू म्हणाला. कसे ठेवावयाचे याचे ज्ञान त्याने फोनवरील चित्रफितींतून आधीच मिळविलेले होते: पोटातील सारे काढावयाचे, मीठ आणि टाकणखार चोळावयाचा, कापूस भरावयाचा, आणि काचेच्या मण्यांचे डोळे लावावयाचे. धाकट्या सूनबाईंनी दुजोरा दिला. “मामंजी, शाळेच्या प्रदर्शनात किती शोभेल!” वहिनींचे मत अगदी निराळे पडले. आधी हात धू, आणि ते पाखरू तुळशीखाली पुरा, एवढेच त्या म्हणाल्या. मुलगा ते शीतकपाटात ठेवावयास निघाला तेव्हा मात्र देवाच्या नैवेद्याच्या दह्याशेजारी मेलेले पाखरू, या कल्पनेने घरात जो कल्लोळ उडाला, त्याचे वर्णन न केलेले बरे. शेवटी मातीच्या परळात ओल्या फडक्यावर ठेवून त्यावर दुरडी पालथी घातली, आणि परळ मोरीजवळच्या गारव्यात गेला.

आम्ही नातवाच्या पक्षाचे होतो, हे कबूल करतो. ज्याने इतकी वर्षे आम्हांस जागे केले, त्याचा देह मुंग्यांनी न्यावा हे मनास रुचेना. शिवाय आम्ही मास्तर. मुलाच्या हाताला ज्ञानाचे काही साधन लागते आहे असे दिसले की आमचा हात आपोआप पाठीवर शाबासकी देण्यासाठी उठतो. छत्तीस वर्षांची सवय ती.

आमचे पुतणे तालुक्याच्या न्यायालयात वकिली करतात. दुपारच्या पानावर ही हकीकत निघाली, तेव्हा ते घास तसाच हातात धरून म्हणाले, “काका, ते पाखरू तुमचे नाही.”

“मग कोणाचे? शेवगा आमचा, परस आमचे.”

“ते सरकारचे आहे. आणि तुमच्याजवळ अठ्ठेचाळीस तास आहेत. त्यांतले पाच गेले.”

पंक्तीत हशा पिकला, आम्हीही हसलो. मेलेल्या पाखरावर सरकारचा शिक्का असावा, ही कल्पनाच आम्हांस विनोदी वाटली. परंतु सायंकाळी कचेरीतून परत येताना पुतण्यांनी कायद्याचे पुस्तक आणून खूण घालून आमच्यापुढे ठेवले, आणि आम्ही दिवा लावून ते वाचीत बसलो. संस्कृताच्या अभ्यासाने एक लाभ झाला आहे. सूत्र कितीही रूक्ष असले तरी त्यातील एकेक पद का घातले असावे, याचा विचार केल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही. आणि कायदा म्हणजे तरी सूत्रेच.

हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ सालचा. त्यात २०२२ साली मोठी दुरुस्ती झाली व ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. त्याच्या एकोणचाळिसाव्या कलमात म्हटले आहे की, शिकार केलेला, चुकून मारला गेलेला किंवा मृत स्थितीत सापडलेला वन्य प्राणी ही राज्य शासनाची मालमत्ता होय. ‘मृत स्थितीत सापडलेला’ हे शब्द तेथे स्पष्ट आहेत. ‘प्राणी’ या शब्दात पक्षी येतो, आणि अनुसूचीत नाव असलेला कोणताही रानटी पक्षी ‘वन्य प्राणी’ ठरतो. आमचे बहुतेक गाणारे पक्षी पूर्वी चौथ्या अनुसूचीत होते. नव्या मांडणीत ते दुसऱ्या अनुसूचीत आले आहेत. अशी वस्तू ज्याच्या हाती येईल त्याने अठ्ठेचाळीस तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यास किंवा अधिकृत वनाधिकाऱ्यास वर्दी द्यावी, व मागितल्यास ती त्यांच्या स्वाधीन करावी. लेखी परवानगीवाचून ती जवळ ठेवू नये, दुसऱ्यास देऊ नये, आणि नष्टही करू नये. म्हणजे वहिनींचा तुळशीखाली पुरण्याचा उपायही कलमाच्या शब्दाप्रमाणे परवानगीचाच विषय ठरतो. हे त्यांना सांगण्याचे धैर्य मात्र आम्हांस त्या रात्री झाले नाही.

पुढे ‘ट्रॉफी’ या शब्दाची व्याख्या आहे. हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे संस्थानिकांच्या दिवाणखान्यातील वाघाचे मुंडके येते. व्याख्येत मात्र कोणत्याही उपायाने टिकवून ठेवलेला वन्य प्राण्याचा सर्व देह अथवा त्याचा कोणताही भाग येतो. आणि त्या भागांची यादी देताना शिंग, हाड, दात, नख यांच्या जोडीला पीस, अंडे आणि घरटे यांचीही नावे घातलेली आहेत. आमच्या ओळखीच्या किमान चार घरांत सुगरणीचा खोपा दारापाशी शोभेसाठी टांगलेला आहे. तो टांगणाऱ्यांपैकी एकानेही आपण ‘ट्रॉफी’ बाळगतो असे स्वप्नातसुद्धा आणले नसेल. देव्हाऱ्यातील मोरपिसाविषयी ज्यांना आताच धडकी भरली असेल त्यांनी स्वस्थ असावे. मोराच्या शेपटीच्या पिसांचा अपवाद कायद्याने व्यापाराच्या बंदीपासून मुद्दाम केलेला आहे. आणि ज्याची आपण पितृपक्षात हात जोडून वाट पाहतो तो कावळा, त्याची गणना या कायद्यात कितीतरी वर्षे उंदरांबरोबर उपद्रवी प्राण्यांत होत असे. ती उपद्रवी प्राण्यांची अनुसूचीच २०२२ च्या दुरुस्तीने गेली. कावळ्यांना हे कळले असते तर पिंडाला शिवण्यास त्यांनी इतके आढेवेढे घेतले नसते.

विनोद येथे संपतो. सत्तावन्नावे कलम आम्ही दोनदा वाचले. अशी वस्तू कोणाच्या ताब्यात असल्याचे खटल्यात सिद्ध झाले, तर तो ताबा बेकायदेशीर आहे असेच न्यायालय धरून चालते. तो कायदेशीर आहे हे दाखविण्याचा भार आरोपीवर असतो. इतरत्र आरोपी निर्दोष मानून आरंभ करावयाचा, येथे उलट. आणि शिक्षा, प्राणी पहिल्या अनुसूचीतला नसला तरी, तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही.

आम्ही पुतण्यांना हाक मारली. “हा अन्याय नव्हे काय? मुलाने पाखरू मारले नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आहे. जो पाखराला गोफणीने मारतो आणि जो मेलेल्याला उचलतो, त्या दोघांना एकाच तराजूत घालावयाचे?”

पुतणे म्हणाले, “काका, तुम्ही त्या परळातल्या पाखराकडे नीट पाहा, आणि ते काचेवर आपटून मेले की गलोलीने, हे मला सांगा.”

आम्ही फडके बाजूला करून पाहिले. सांगता येईना. उद्या त्यात कापूस भरला, मण्यांचे डोळे लावले, म्हणजे तर कोणासच सांगता येणार नाही. साक्षीदार एकटा मृत पक्षी, आणि तो मुका. ‘मला ते सापडले’ हे वाक्य दयाळावर प्रेम करणारा मुलगाही म्हणणार आणि पिंजरेवाला व्यापारीही म्हणणार. दोघांत भेद करण्याचे साधन कायद्याजवळ नाही, म्हणून त्याने सापडलेल्या पक्ष्याला किंमतच येऊ दिली नाही. मेलेले पाखरू एकदा दिवाणखान्यात शोभू लागले की शेजाऱ्यालाही तसेच हवेसे वाटते. आणि शेजाऱ्यासाठी प्रत्येक वेळी काचेवर आपटलेले पाखरू कोठून मिळणार?

हे काही तर्काने काढलेले भय नव्हे. इतिहास तोच आहे. विलायतेतील स्त्रियांच्या टोप्यांवर पिसे आणि सबंध पक्षी खोचण्याची टूम गेल्या शतकाच्या आरंभी इतकी वाढली होती की हिंदुस्थानातून पक्ष्यांच्या कातड्यांची व पिसांची निर्यात १९०२ साली सरकारास बंद करावी लागली. त्याही आधी १८८७ च्या कायद्याने, विणीच्या हंगामात नुकताच मारलेला वा पकडलेला रानपक्षी जवळ बाळगण्यास किंवा विकण्यास नगरपालिकांच्या व छावण्यांच्या हद्दीत मनाई केली होती. १९१२ साली त्याहून व्यापक कायदा झाला. मुंबई राज्याने १९५१ मध्ये स्वतःचा कायदा केला, आणि मग १९७२ चा आला. म्हणजे मारणाऱ्याच्या हाताइतकेच बाळगणाऱ्याच्या हाताकडेही पाहावे, ही दृष्टी या देशात सव्वाशे वर्षांहून जुनी आहे.

आणि केवळ इंग्रजांकडून आलेली म्हणावी तर तसेही नाही. कौटिल्याने सूनाध्यक्षाच्या प्रकरणात कोणत्या पक्ष्यांना हिंसेपासून व त्रासापासून राखावे त्यांची यादीच दिली आहे. तीत क्रौंच, हंस, चक्रवाक, चकोर, मत्तकोकिल, मयूर, पोपट, मैना यांच्याबरोबर भृंगराजही आहे. आणि केवळ करमणुकीचे व मंगल मानलेले इतर पक्षीही त्याने त्यात घातले आहेत. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात, राज्याभिषेकास सव्वीस वर्षे झाल्यावर अवध्य ठरविलेल्या प्राण्यांत शुक व सारिका यांची नावे आरंभीच येतात. हे पाठ आम्ही मुलांना शिकविले आहेत. रामायणाच्या आरंभीचा क्रौंचवध तर किती वेळा शिकविला याची गणती नाही. निषादाचा बाण, मादीचा आक्रोश, ऋषीचा शोक, शोकातून श्लोक, सर्व सांगितले. पण त्या पडलेल्या क्रौंचाच्या देहाचे पुढे काय झाले, हे आदिकवीने सांगितलेले नाही, आणि छत्तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने आम्हांस विचारले नाही. आम्हीही स्वतःस विचारले नाही.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो आमच्या मनात फार जोराने आला. पेंढा भरलेल्या पक्ष्यांनीच तर सलीम अली यांना घडविले. १९०८ च्या सुमारास मुंबईच्या खेतवाडीत राहणाऱ्या या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला म्हणून तो ती घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कचेरीत गेला. तेथील सचिव मिलर्ड यांनी तिला पीतकंठी चिमणी म्हणून ओळखले, व कपाटांचे खण उघडून मुलाला ओळीने मांडलेले पक्षी दाखविले. त्या खणांतून एका मुलाचे सारे आयुष्य निघाले. पुढे त्यांनी आपल्या आत्मचरित्राला नावही त्या चिमणीच्या पडण्यावरूनच दिले. मग आमच्या नातवाच्या हातून तसे काही घडू नये काय?

उत्तर त्या खणांतच आहे. संशोधनासाठी ठेवलेला पक्षी शोभेच्या पक्ष्यासारखा फांदीवर बसविलेला नसतो. तो उताणा निजविलेला असतो, डोळ्यांच्या जागी कापूस असतो, आणि पायाला एक चिठ्ठी बांधलेली असते: कोठे मिळाला, कोणत्या दिवशी, नर की मादी, कोणी आणला. ती चिठ्ठी नसेल तर पक्ष्याचे मोल जवळजवळ शून्य. ह्यूम यांनी हिंदुस्थानातील पक्ष्यांचे सुमारे ऐंशी हजार नमुने १८८५ साली लंडनच्या संग्रहालयास दिले. ते आजही उपयोगी पडतात याचे कारण त्यांचे सौंदर्य नव्हे, त्यांच्या पायांच्या चिठ्ठ्या. आमच्या काळातील उदाहरण शिकागोचे आहे. तेथे सरोवराच्या काठी मॅकॉर्मिक प्लेस नावाची काचेची प्रचंड इमारत आहे. तिच्यावर आपटून मेलेले पक्षी तेथील फील्ड म्युझियमच्या डेव्हिड विलार्ड यांनी १९७८ पासून पहाटे फिरून गोळा करावयास आरंभ केला. अशा ७०,७१६ पक्ष्यांची मापे एकत्र करून २०२० साली विद्वानांनी दाखविले की ५२ जातींच्या पक्ष्यांचे देह चाळीस वर्षांत लहान होत गेले व पंख किंचित् लांबले; आणि याचा संबंध त्यांनी वाढत्या उष्म्याशी जोडला. एका माणसाने रोज वाकून उचललेली मेलेली पाखरे, त्यातून एवढे निघाले! पण हे काम संग्रहालयाचे आणि परवानगीचे. सामान्य नागरिकाने गाणाऱ्या रानपक्ष्याचे एक पीसही जवळ बाळगू नये, असा तिकडचा १९१८ चा कायदा आहे. आपल्याकडेही शिक्षण, संशोधन व संग्रहालये यांसाठी परवाना देण्याची सोय बाराव्या कलमात आहे. ज्या शाळेला खरोखरच नमुना हवा असेल तिने तो मार्ग धरावा. आमच्या नातवाच्या टाकणखाराला मात्र त्यात जागा नाही.

हे लिहिताना एक गोष्ट लपवावी असे फार वाटत होते. परंतु वाचकांशी इतक्या दिवसांचा परिचय आहे, तेव्हा लपवीत नाही. आम्ही ज्या शाळेत होतो तिच्या एका खोलीत ‘निसर्ग-कपाट’ होते. संस्कृताच्या तासिका कमी म्हणून त्याची व्यवस्था आमच्याकडे आली. दर वर्षी सुट्टीनंतर मुलांनी काही ना काही आणावे आणि आम्ही त्याला गुण द्यावे, अशी रीत आम्हीच पाडली. मुले पिसे आणीत, खोपे आणीत, अंडी आणीत. अंड्याला सुईने दोन्ही टोकांस भोके पाडून आतील बलक फुंकून काढावयाचा, हे आम्हीच त्यांना शिकविले. घरटे अंड्यांसह आणणाऱ्याला दोन गुण अधिक मिळत. एका वर्षी एक मुलगा शिंप्याचे घरटे घेऊन आला. दोन पाने टाच्याने शिवलेली, आत कापूस, आणि कापसात दोन पिल्ले. एक जिवंत होते. ते मधल्या सुट्टीपर्यंत टिकले. आम्ही त्या मुलाला रागे भरलो नाही, गुण दिले.

आम्ही नोकरीस लागण्यापूर्वीच १९७२ चा कायदा झालेला होता. रानपक्ष्याची अंडी फोडणे, अंडी किंवा घरटे विस्कटणे, हे त्यातील ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच येते. छत्तीस वर्षे आम्ही वर्गात निषादाचा धिक्कार केला, आणि मधल्या सुट्टीत शिकारीला गुण दिले. कोणी आम्हांस कायदा सांगितला नाही, ही सबब होऊ शकत नाही; आम्ही विचारला नाही.

आता घरातील गोष्ट. आमच्या माजघरात काचेच्या पेटीत एक हळद्या आहे. आमच्या आजोबांच्या काळी कोणा स्नेह्याने तो मुंबईहून आणून दिला असे सांगतात. पिवळा रंग विटून आता तो सुक्या हळकुंडासारखा दिसतो. घरातील प्रत्येक मूल त्याच्यापुढे उभे राहून ‘हळद्या’ हा शब्द शिकले आहे. दसऱ्याच्या झाडलोटीत सूनबाई पेटी उघडून त्याच्यावरची धूळ मऊ कुंच्याने काढतात, आणि त्या दिवशी मुलांना त्याच्या पाठीवरून बोट फिरविण्याची मुभा असते. आमच्याही बोटाला तो स्पर्श आठवतो.

पुतण्यांनी पेटीकडे पाहून दोन प्रश्न विचारले. कागद काही आहे काय? नाही. जुन्या वस्तू जाहीर करण्यासाठी केंद्र सरकारने २००३ साली एकशेऐंशी दिवसांची मुदत दिली होती, तेव्हा कोणी काही केले काय? घरात कोणास ती बातमीही आठवत नाही. वस्तू कायद्याच्या आधीची आहे हे आम्ही जाणतो. पण जाणणे निराळे आणि दाखविणे निराळे, हे सत्तावन्नाव्या कलमाने आम्हांस नुकतेच शिकविले होते.

दुसरी गोष्ट त्यांच्या पत्नीने सांगितली. त्या रसायनशास्त्र शिकवितात. जुन्या काळी पक्ष्याच्या कातड्याला कसर लागू नये म्हणून आतून सोमलाचा साबण चोळीत. अठराव्या शतकात फ्रान्समधील मेत्स गावच्या बेकूर नावाच्या औषधविक्याने ही युक्ती काढली, आणि पुढे जवळजवळ दोनशे वर्षे जगभर तीच चालली. सोमल उडून जात नाही, शिळा होत नाही. पिसांवरच्या धुळीत तो शंभर वर्षांनीही असू शकतो. “मामंजी, त्या पेटीला मुलांचे हात लावू देऊ नका, आणि ती झाडू तर मुळीच नका,” असे त्या म्हणाल्या, तेव्हा सूनबाई उठून आत गेल्या. दर दसऱ्याला कुंच्याने त्या काय उडवीत होत्या आणि शेजारी कोण उभे असे, याचा हिशेब त्या करीत असाव्यात. आम्हीही करीत होतो. ज्या घरांत अशी जुनी पेटी असेल त्यांनी ती उघडू नये. उचलावीच लागली तर हातमोजे व तोंडाला फडके असावे, आणि नंतर हात साबणाने धुवावे. ताज्या मेलेल्या पक्ष्यासही उघड्या हाताने शिवू नये. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यात कोंबड्यांना बर्ड फ्लू झाला तेव्हा ही सूचना सर्वत्र फिरली होती. नंतर आपण ती विसरलो. वहिनींचे ‘आधी हात धू’ हेच त्या सकाळी घरात उच्चारलेले सर्वांत शास्त्रीय वाक्य होते, असे आता म्हणावे लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चोविसावा तास भरण्याच्या सुमारास, आम्ही आणि नातू दयाळाला कागदाच्या खोक्यात घालून वनखात्याच्या कचेरीत गेलो. राज्याच्या वनखात्याचा १९२६ हा मदतीचा दूरध्वनी क्रमांक आहे. त्यावर आधी विचारून घेतले होते. टेबलाशी बसलेल्या तरुण वनरक्षकाने खोके उघडून पाहिले, आमच्याकडे पाहिले, आणि म्हणाला, “गुरुजी, एवढ्यासाठी आलात?” त्या प्रश्नात उपहास नव्हता, आश्चर्य होते. मग त्याने वही काढली. कोठे सापडला, केव्हा, कसा, कोणी पाहिला. नातवाने उभे राहून उत्तरे दिली. ‘नर की मादी’ या प्रश्नाला वनरक्षकाने लेखणी थांबविली, तेव्हा नातू म्हणाला, “नर. मादी करडी असते.” तेही वहीत उतरले. खाली त्याने सही केली. त्याच्या आयुष्यातली पहिली सरकारी सही. पाखरू ठेवून घेतले. त्याचे पुढे रीतीप्रमाणे दहन होईल असे सांगण्यात आले.

परतताना मुलगा बराच वेळ बोलला नाही. मग त्याने विचारले, “आजोबा, त्या वहीत आपले नाव किती दिवस राहील?” आम्ही म्हटले, पुष्कळ दिवस. घरी येऊन त्याने स्वतःची एक वही घातली. पहिल्या पानावर दिवस, वेळ, काच, शेवगा, नर. खाली त्याने दयाळाचे चित्र काढले. शेपटी जरा अधिकच उभारली आहे.

काचेचा प्रश्न शेजाऱ्यांकडे न्यावा लागला. आम्ही तक्रार करावयास आलो असे समजून त्यांनी आधी आवाज चढविला. पण नातवाची वही पाहिल्यावर बसावयास चटई टाकली. काचेवर बाहेरच्या बाजूने दोन-दोन इंचांच्या अंतराने ठिपके किंवा दोऱ्या असल्या तर पक्ष्यांना ती भिंत आहे हे कळते. आत पडदा सोडून किंवा घारीचे एखादे चित्र चिकटवून भागत नाही. शिकागोच्या त्या इमारतीवर २०२४ साली असे ठिपक्यांचे आवरण बसविल्यावर आपटून मरणाऱ्या पक्ष्यांची संख्या फारच खाली आली. आमच्या शेजाऱ्यांनी ठिपक्यांचा खर्च ऐकून मान हलविली, पण दोऱ्यांना रुकार दिला. गेल्या रविवारी दोन्ही घरांतील मुलांनी मिळून पांढऱ्या सुतळ्या वरून खाली सोडल्या. इमारत वाळवणाला घातल्यासारखी दिसते, अशी वहिनींची टीका आहे.

हळद्याविषयी आम्ही वनखात्याकडे लेखी अर्ज केला आहे. वस्तूचे वर्णन, घरात कधीपासून आहे असे वडीलधारे सांगतात ते, कागद नसल्याची कबुली, आणि ती शासनाच्या स्वाधीन करण्याची तयारी, एवढे त्यात लिहिले. पुतण्यांनी मसुदा तपासला व दोन विशेषणे गाळली. तोवर पेटीला कुलूप घालून वर जाड कापड टाकले आहे. माजघरातून जाताना धाकटी नात अजूनही त्या कापडाकडे बोट दाखवून ‘हळद्या’ म्हणते. अर्जास अद्याप उत्तर आलेले नाही. आल्यावर याच पानावर कळवू.